जांभई आली म्हणून

जुलै २००९. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, विल काउंटीच्या न्यायालयात नात्यातल्या भावाचा खटला ऐकायला एक माणूस बाकावर बसला होता. न्यायाधीश शिक्षा वाचून दाखवत असतानाच त्याला जांभई आली. तो न्यायालयाचा अवमान ठरला आणि त्याला सहा महिन्यांची कैद झाली. जांभई मुद्दाम, मोठ्याने आवाज काढून दिली, असं सरकारी पक्षाचं म्हणणं होतं. ती आपसूक आली, असं घरचे सांगत होते. सुमारे तीन आठवडे कैदेत काढून, माफी मागितल्यावर तो सुटला.

आपल्याकडे कोणी इतक्या थराला जात नाही, पण निवाडा तितक्याच झटपट होतो. समोरच्याने जबडा ताणला की बोलणारा अर्ध्या वाक्यात थांबतो. ‘कंटाळा आला वाटतं?’ या एका प्रश्नाने मैफल उतरते.

हा संशय अगदीच निराधार नाही. जांभईवर अनेक वर्षं काम केलेले अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी १९८६ च्या एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांना गाण्यांचे व्हिडिओ दाखवले आणि टीव्हीच्या पडद्यावर नुसते रंगीत पट्टेही बघायला लावले. पट्टे बघताना जांभया जास्त आल्या. कंटाळा आणि जांभई यांचं नातं आहे, हे मान्यच करायला हवं.

पण जांभईची कारणं इतकी वेगवेगळी आहेत की कंटाळा हे त्यातलं एकच. आठ ऑलिम्पिक पदकं मिळवणारा स्पीड स्केटिंगपटू अपोलो ओनो शर्यतीच्या आधी सुरुवातीच्या रेषेजवळ जांभया देताना दिसायचा. कंटाळा येण्याची ती वेळच नव्हे. आईच्या पोटातलं बाळही जांभई देतं, सोनोग्राफीत ती दिसते. नैराश्यावरच्या काही गोळ्यांमुळे काहींना दिवसभर जांभया येतात, आणि त्या घेणारा माणूस कार्यालयात चारचौघांत हे कारण सांगू शकत नाही. रक्तात प्राणवायू कमी पडतो म्हणून जांभई येते, ही शाळेपासून ऐकलेली समजूतही टिकलेली नाही. प्रोव्हाइन यांनीच १९८७ मध्ये विद्यार्थ्यांना शुद्ध प्राणवायू आणि कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा श्वासावाटे घ्यायला देऊन पाहिली. जांभयांच्या संख्येत फरक पडला नाही.

एका जांभईमागे दुसरी येते, हे तर सर्वांच्या अनुभवाचं. पिसा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये मांडलेल्या निरीक्षणांत हा संसर्ग रक्ताच्या नात्यात सर्वाधिक, मग मित्रांत, मग ओळखीच्यांत आणि परक्यांत सर्वांत कमी आढळला. याचा अर्थ आपुलकीच असा घ्यावा का, यावर नंतर वाद झाले; आपल्या माणसाकडे आपलं लक्षच जास्त असतं, असंही काहींनी सुचवलं. दोन्हींपैकी काहीही खरं असलं, तरी जांभईला जांभईने उत्तर देणाऱ्यावर दुर्लक्षाचा आरोप करणं अवघडच आहे.

आपल्या परंपरेने या प्रश्नाचा विचार फार नेमका केला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, सातव्या अध्यायात, अडवू नयेत असे शरीराचे तेरा वेग सांगितले आहेत. भूक, तहान, शिंक, अश्रू यांच्या रांगेत जांभईही आहे, आणि ती दाबली तर अंगाला बधिरपणा, कंप असे त्रास होतात, असं तिथे म्हटलं आहे. लगेच पुढचा, आठवा अध्याय चारचौघांत कसं वागावं ते सांगतो, आणि तिथे तोंड न झाकता जांभई देऊ नये असा नियम आहे. येणं शरीराचं, झाकणं माणसाचं. वैद्याने या दोन गोष्टी दोन अध्यायांत वेगळ्या ठेवल्या. आपण मात्र त्यांची गल्लत करतो. घरोघरच्या आज्या जांभई देताना तोंडापुढे चुटकी वाजवायच्या, तान्ह्या बाळाने आ वासला तर त्याच्यासाठी स्वतः वाजवायच्या. बाळाला उद्धट म्हणणं त्यांच्या मनातही आलं नसेल.

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या अठराव्या दशकात वाईट श्रोत्यांवर एक अख्खा समास लिहिला. पोटाला तडस लागेस्तोवर जेवून कथेला येणारा माणूस त्यात आहे. समर्थ त्याच्यावर रागावतात ते त्याच्या देहावर नव्हे. तयारी न करता ऐकायला बसल्याबद्दल. हा भेद महत्त्वाचा आहे. बोलणाऱ्याच्या तोंडासमोर मोबाइल चाळणं, त्याचं वाक्य तोडणं, पुन्हा पुन्हा घड्याळ बघणं ही निवडून केलेली कृती असते. जांभई निवडता येत नाही. आवाज काढून, हात न लावता, आळोखेपिळोखे देत ती लांबवली, तर मात्र तो उद्धटपणाच.

आणखी एक गोष्ट खटकते. जांभईचा न्याय हुद्दा बघून होतो. मिटिंगमध्ये साहेबांनी जांभई दिली की ‘फार दगदग होते हो त्यांची’. कारकुनाने दिली की ‘याचं लक्ष नाही’. सासऱ्यांची जांभई वयाची, पहाटे पाचला उठलेल्या सुनेची मात्र बेपर्वाईची. विल काउंटीतही जांभई देणारा बाकावर होता आणि तिचा अर्थ लावणारा उच्चासनावर.

रात्रीच्या प्रवासात चालकाच्या शेजारी बसून गप्पा मारणाऱ्याने तर जांभई मनाला लावून घेणं धोक्याचंच आहे. तिथे विषय बदलून उपयोग नाही; गाडी बाजूला घ्यायला लावून चालकाला झोपू द्यायला हवं.

आणि एप्रिलमधल्या पत्र्याच्या वर्गात, डबा खाऊन झाल्यावरच्या तासाला, चार पोरं एकामागून एक जांभया देतात. कपाळावर थंड पट्टी ठेवली की दुसऱ्याला पाहून येणाऱ्या जांभया कमी होतात, असं अमेरिकेत २००७ मध्ये झालेल्या प्रयोगांत दिसलं. मेंदू निववण्याची ती शरीराची रीत असावी, असा त्यावरून तर्क आहे. त्या पोरांना बाकावर उभं करण्याऐवजी बाईंनी खिडक्या उघडाव्यात, सगळ्यांना तोंडावर पाणी मारून यायला सांगावं, आणि धडा जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू करावा.