विश्वचषकाचे आवर्तन आणि टेलचे संघ

नीरा डाव्या कालव्याचे आवर्तन सुटले की पाणी बारामतीच्या शेतांना आधी मिळते. टेलच्या इंदापूरकडे ते पुरेसे पोहोचेल काय, हा प्रश्न मात्र उन्हाळ्यात पुनःपुन्हा उभा राहतो. पाणी थोडे असले म्हणजे वाटपाच्या नियमालाच सर्वाधिक महत्त्व येते. राष्ट्रीय संघांच्या विश्वचषक क्रिकेट स्पर्धेचेही तसेच आहे. तेथे सामन्यांचे दिवस मर्यादित असतात आणि ते कोणाच्या वाट्याला किती यावेत, हे स्पर्धेचा आराखडा ठरवितो.

२००७ साली वेस्ट इंडीजमध्ये सोळा संघ चार-चारांच्या गटांत खेळले. १७ मार्च या एकाच दिवशी बांगलादेशाने भारताला आणि आयर्लंडने पाकिस्तानला हरविले. पुढे हे दोन्ही मातब्बर संघ प्राथमिक फेरीतच बाद झाले. दोष लहान संघांच्या प्रवेशाचा नव्हता. अवघ्या तीन सामन्यांच्या गटात एका वाईट दिवसाची भरपाई करणे अवघड होते, हा खरा दोष होय.

२०११ साली चौदा संघ होते. आयर्लंडने बंगळूरला इंग्लंडच्या ३२७ धावा ओलांडून विजय मिळविला. तरीही स्पर्धा संपताच पुढील विश्वचषक दहा संघांचा करण्याचे आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने ठरविले. त्या वेळी परिषदेचे अध्यक्ष असलेले बारामतीचे शरद पवार यांनी फेरविचार करण्यास सांगितले आणि जूनमध्ये २०१५ साठी चौदा संघ कायम झाले. दहाची मर्यादा मात्र २०१९ पासून आलीच.

दहा संघांच्या साखळीत प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ पडते, म्हणून ती न्याय्य वाटते. शिवाय भारताचे नऊ सामने निश्चित होतात आणि प्रक्षेपणाच्या बाजारात या निश्चितीला मोठे मोल आहे. परंतु दाराबाहेर राहणाऱ्या देशाला ना प्रेक्षक मिळतात, ना उत्पन्न. मग खेळाडू घडावयाचे कसे? दुबळेपणामुळे प्रवेश नाही आणि प्रवेश नाही म्हणून दुबळेपणा, असे हे दुष्टचक्र आहे. उलट प्रवेश मिळालेल्या नेदरलँड्सने २०२३ साली दक्षिण आफ्रिकेला हरवून दाखविले.

लहान संघ आले की सामने एकतर्फी होतात, हा आक्षेप अगदीच निराधार नाही. त्यावर आइस हॉकीने शोधलेला उपाय विचारात घेण्याजोगा आहे. त्या खेळाच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत सोळा संघ आठ-आठांच्या दोन गटांत खेळतात. प्रत्येकाला सात सामने मिळतात, वरचे चार उपान्त्यपूर्व फेरीत जातात आणि प्रत्येक गटातील शेवटचा संघ खालच्या श्रेणीत उतरतो. त्याची जागा खालून चढलेला संघ घेतो. या चढ-उतारात संघ खाली जातो तो मैदानावरील कामगिरीवरून, बैठकीतील ठरावाने नव्हे.

२०२७ च्या विश्वचषकासाठी सात-सातांचे दोन गट आणि पुढे सहा संघांची फेरी असा चौदा संघांचा आराखडा स्वीकारण्यात आला आहे. प्रत्येकाला किमान सहा सामने देणारी ही रचना योग्य दिशेची आहे. मात्र संघ घडण्यास दशक लागते आणि नियम चार वर्षांत बदलतो, ही विसंगती दूर झाली पाहिजे. चौदा ही संख्या दीर्घकाळ स्थिर ठेवून तिला चढ-उताराच्या श्रेणीची जोड द्यावी, हेच उचित होय. कालव्याची परीक्षा मुखाशी होत नाही. ती टेललाच होते.