वाळू मुठीत धरून बघितलीय कधी?

तुम्ही कॉलेजात असाल तर ‘आता सगळं एआयच करणार’ हे वाक्य तुमच्या कानावरून रोज जात असणार. मेकॅनिकलवाले ते जरा धास्तावून म्हणतात, कॉम्प्युटरवाले जरा तोऱ्यात. मी तोऱ्यातल्यांपैकी होतो. पहिल्याच नोकरीत, पहिल्याच कामात एका फौंड्रीतल्या वाळूनं माझा तोरा उतरवला. काय झालं ते सांगतो. उद्या तुमच्यातले बरेच जण माझ्याच जागी उभे असणार आहेत.

कोल्हापूरकरांना फौंड्री काय असते हे सांगावं लागत नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, जिकडे जाल तिकडे भट्ट्या. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. साधारण १४०० अंश सेल्सिअसला तापलेला लोखंडाचा रस वाळूच्या साच्यात ओततात, तो गार झाला की साचा फोडून भाग बाहेर काढतात. ट्रॅक्टरचा, ट्रकचा, पंपाचा कुठला तरी भाग असाच जन्माला येतो. साच्याची वाळू म्हणजे नदीकाठची नुसती वाळू नव्हे. त्यात बेंटोनाइट नावाची माती, कोळशाची पूड आणि पाणी मिसळतात. पाणी साधारण तीन ते चार टक्के. ते जास्त झालं तर गरम रसामुळे त्याची वाफ होते आणि कास्टिंगमध्ये भोकं पडतात. कमी झालं तर साच्याच्या कडा ढासळतात आणि वाळूचे कण लोखंडात अडकतात. दोन्हीकडून माल रिजेक्ट. तो परत भट्टीत. वीज गेली, मजुरी गेली, दिवस गेला.

आमच्या छोट्याशा कंपनीला एका फौंड्रीनं काम दिलं होतं. कुठला माल रिजेक्ट होणार हे ओतण्याआधीच सांगणारं सॉफ्टवेअर बनवायचं. मी खूश. फौंड्रीची दोन वर्षांची रजिस्टरं आणली, आकडे एक्सेलमध्ये भरले, मॉडेल बनवलं. आणि ते छापा-काटा करून सांगावं तशी उत्तरं द्यायला लागलं. अल्गोरिदम बदलला, पुन्हा तेच. आठवडाभर डोकं फोडल्यावर मी पहिल्यांदा ती रजिस्टरं नीट वाचली. वाळूतला ओलावा ३.५ टक्के. दुसऱ्या दिवशी ३.५. मे महिन्याच्या उन्हात ३.५, जुलैच्या पावसातही ३.५. कोल्हापूरचा जुलै ज्यानं पाहिलाय त्याला हसू येईल. मला मात्र त्या दिवशी घाम फुटला.

मग मी फौंड्रीत गेलो. एसी केबिनमध्ये नाही, आत, मोल्डिंगवर. तिथं पन्नाशीचे एक कामगार होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. मी विचारलं, ‘मामा, रोज ३.५ कसं काय येतं?’ त्यांनी माझ्याकडे बघितलं, सुपरवायझर जवळपास नाही ना हे बघितलं आणि म्हणाले, ‘साहेब, ते आकडं शिफ्ट सुटताना भरतोय आमी. ४.२ लिवलं की लगेच इचारत्यात, का वाढलं? मग कोण लिवतंय?’

मग त्यांनी वाळूचा एक गोळा मुठीत दाबला. मूठ उघडली, तळहातावरच्या गोळ्यावर बोटांचे ठसे उमटलेले. तो मधोमध मोडला आणि तुटलेल्या कडा मला दाखवल्या. कड शाबूत राहिली तर वाळू बरोबर, भुगा पडला तर पाणी कमी, हाताला चिकटली तर जास्त. मामा दिवसातून कितीतरी वेळा हे करायचे आणि त्याप्रमाणे मिक्सरमध्ये पाणी कमी-जास्त करायला सांगायचे. सगळी फौंड्री त्या मुठीवर चालत होती. त्यातलं एक अक्षरही माझ्या डेटात नव्हतं.

मुद्दा असा, की माझा डेटा चुकीचा नव्हता, घाबरलेला होता. जिथं खरं लिहिलं की बोलणी बसतात, तिथं कुणी खरं लिहीत नाही. आणि जिथं कुणी खरं लिहीत नाही, तिथं कितीही भारी एआय आणून बसवा, ते खोटंच शिकणार. आपल्याला वाटतं कारखाना ‘स्मार्ट’ करणं म्हणजे सेन्सर, रोबो, डॅशबोर्ड. हे सगळं लागतंच. पण त्याआधी मशीनजवळच्या माणसाला ‘आज काहीतरी बिघडलंय’ असं न घाबरता सांगता आलं पाहिजे.

हे काही मी नवीन शोधून काढलेलं नाही. जपानमध्ये साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये एक स्वयंचलित माग तयार केला. धागा तुटला की तो आपोआप थांबायचा, त्यामुळे पुढचं कापड खराब व्हायचं नाही. त्यांच्या घराण्यानं पुढे मोटारी बनवायला सुरुवात केली, तेव्हा हाच विचार त्यांनी माणसांनाही लावला. टोयोटाच्या असेंब्ली लाइनवर कामगाराच्या हाताशी एक दोरी असायची. काही गडबड दिसली की ओढायची. ती ओढल्यावर टीम लीडर आधी मदतीला येतो, जाब विचारायला नाही. प्रश्न तिथं सुटला नाही तर लाइन थांबते. आता विचार करा, आपल्याकडच्या किती कारखान्यांत साधा हेल्पर लाइन थांबवू शकतो? आणि थांबवलीच तर संध्याकाळी त्याचं काय होतं?

उलटी उदाहरणंही आहेत. अमेरिकेतल्या जनरल मोटर्सनं १९८० च्या दशकात रोबोंवर अब्जावधी डॉलर्स ओतले. माणसं बाजूला केली की प्रश्न मिटले, असा हिशेब होता. तो काही जुळला नाही. टेस्लाचं तर अगदी अलीकडचं. मॉडेल ३ गाडीचं उत्पादन अडकलं, तेव्हा २०१८ मध्ये इलॉन मस्क यांनी स्वतःच कबूल केलं, की आपण गरजेपेक्षा जास्त ऑटोमेशन केलं आणि माणसाला कमी लेखलं. पैसा त्यांच्याकडे होता म्हणून ही चूक पचली. आपल्याकडच्या पन्नास माणसांच्या वर्कशॉपला ती पचणार नाही.

म्हणून ऑटोमेशन नकोच, असं मी म्हणत नाहीये. तसं म्हणणाऱ्यानं एकदा उन्हाळ्यात भट्टीजवळ आठ तास उभं राहून दाखवावं. जगातला पहिला औद्योगिक रोबो, युनिमेट, १९६१ मध्ये जनरल मोटर्सच्याच एका कारखान्यात लागला. त्याचं काम काय होतं? डायकास्टिंग मशीनमधून तापलेले भाग उचलून बाहेर ठेवायचे. माणसाचा हात भाजू शकेल असं काम. तिथं यंत्रच हवं. फौंड्रीत कास्टिंग घासून साफ करताना उडणारी वाळूची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली तर सिलिकोसिस होतो, आणि झालेला सिलिकोसिस बरा होत नाही. तिथंही यंत्रच हवं, उद्या नाही, आजच.

मालकांचीही बाजू आहे. गाड्यांच्या कंपन्या एकेका भागाच्या दर्जाचा हिशेब मागतात. तो देता आला नाही तर ऑर्डर दुसरीकडे जाते. ऑर्डर गेली की मामाही घरी आणि मालकही. बदलायला तर लागणारच. प्रश्न एवढाच, की कुणाला विचारून बदलायचं आणि बदलल्यावर कुणाच्या पदरात काय पडणार.

आमच्या त्या फौंड्रीत पुढे काय झालं? मिक्सरमध्ये ओलावा मोजणारा सेन्सर बसवला. मालकांना पटवलं, की सहा महिने आकड्यांवरून कुणाला बोलायचं नाही. मामा दर बॅचला वाळू बघून ‘बरोबर’, ‘ओली’, ‘कोरडी’ असं टॅबवर नोंदवायचे. आधी नाखुशीनं, मग हौसेनं. सेन्सर आणि मूठ यांचं जिथं पटायचं नाही तिथं आम्ही थांबायचो, कारण शोधायचो. बहुतेक वेळा मूठ बरोबर निघायची. हळूहळू मॉडेल कामाचं झालं, रिजेक्शन खाली आलं.

इथंच लेख संपवता आला असता तर बरं झालं असतं. पण सुरुवातीच्या दिवसांत मामांनी मला एक प्रश्न विचारला होता. ‘साहेब, हे मशीन शिकलं की आमचं काय?’ मी प्रेझेंटेशनमधलं उत्तर देऊन टाकलं, ‘मामा, तुमचं काम सोपं होईल.’ काम सोपं झालं, हे खरं. पण वाळूचे नमुने नेणारी दोन पोरं पुढच्या महिन्यापासून दिसेनाशी झाली, ती कंत्राटावर होती. मामा राहिले. मात्र ज्या माणसाकडून आख्खी सिस्टीम शिकली, त्याच्या पगाराच्या चिठ्ठीवर हुद्दा होता ‘हेल्पर’, वर्ग ‘अकुशल’. तो आजही तोच आहे. मी मालकांकडे विषय काढला. ते म्हणाले, बघू.

ही माझी बोच आहे, आणि ती मी मुद्दाम तुमच्यापर्यंत पोचवतोय. कारण हे बदलणं तुमच्या हातात बऱ्यापैकी आहे. लास्ट इयरचा प्रोजेक्ट आठवा. आपल्याकडे तो रेडीमेड विकत मिळतो, हे तुम्हालाही माहितीये आणि सरांनाही. यंदा तो विकत घेऊ नका. जवळच्या एमआयडीसीत जा. चाकण, वाळूज, सातपूर, बुटीबोरी, काहीतरी असेलच तुमच्या बसच्या रस्त्यावर. एखाद्या छोट्या वर्कशॉपमध्ये आठ दिवस ऑपरेटरच्या शेजारी नुसते उभे राहा. लॅपटॉप बॅगेतच ठेवा. त्याला विचारा, मशीन बिघडणार हे तुम्हाला आधी कशावरून कळतं? आवाजावरून? वासावरून? रजिस्टरमध्ये काय लिहिता आणि काय लिहीत नाही? मग पीएलसी शिका, पायथन शिका, सगळं शिका.

आणि कॉमर्स, आर्ट्‌सवाल्यांनो, ‘आम्हाला काय त्याचं’ म्हणून पान उलटू नका. उद्या एचआरमध्ये बसून हुद्दे ठरवणारे तुम्हीच आहात. कामगार कायदा शिकणारेही तुम्हीच. यंत्राला शिकवणारा माणूस ‘अकुशल’ कसा, हा प्रश्न इंजिनिअरपेक्षा तुम्ही नीट विचारू शकाल.

माझ्यापुरता मी एक नियम केलाय. आता कुठलंही काम घेताना पहिल्याच मीटिंगमध्ये तीन गोष्टी कागदावर लिहून मागतो. हे ज्ञान कुणाचं, यानं काम कुणाचं जाणार आणि ज्याच्याकडून शिकलो त्याला काय मिळणार. दोन ठिकाणी या प्रश्नांमुळे काम हातचं गेलं. एका ठिकाणी मालकांनी तिथल्या तिथं एका ऑपरेटरचा ग्रेड वाढवला. तीनात एक. फार नाही, पण सुरुवात झाली.

मामांचा फोन येतो अधूनमधून. परवा म्हणाले, ‘साहेब, सेन्सर बिघडलाय. चार दिस झालं, मुठीवरच चाललंय.’