मार्कांचा फुगा

"ताई, ३० पैकी २७!"

दिवाळीत गोंदियाला पोचले, बॅगसुद्धा खाली ठेवली नव्हती, तर माझी मामेबहीण कागद नाचवत समोर उभी. ही नर्स आहे. नाइट ड्युटी करून येते, तीन-चार तास झोपते आणि मग जर्मन घेऊन बसते. बी-वनची परीक्षा महिन्यावर आलेली. सेंटर पुणे. महाराष्ट्र एक्स्प्रेसचं रिझर्व्हेशन झालेलं. फीचे पैसे मामाने उसने आणलेले, धान विकलं की फेडायचे.

२७ म्हणजे सॉल्लिडच की! मी खूश. मग सहज विचारलं, "हा पेपर कितव्यांदा सोडवलास?"

"तिसऱ्यांदा."

बोंबला!

दुसऱ्या दिवशी मी तिला एक कोरा सराव पेपर दिला. मोबाईल माझ्याकडे, दार बंद, घड्याळ समोर. ऐकण्याचा भाग लावला, कुठेही पॉझ नाही. निकाल : ३० पैकी १४. पास व्हायला हवेत १८. बाईसाहेब पाच मिनिटं गप्प. मग हळूच म्हणाली, "ताई, मी तर फेल होऊन राहिली ना..."

मंडळी, तुमच्यापैकी अनेकांच्या ओळखीत सध्या कुणीतरी जर्मन शिकत असेलच. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि जर्मन हा विषय पुण्या-मुंबईच्या बाहेर जिल्ह्याजिल्ह्यांत पोचला. भाषेच्या एकूण सहा पायऱ्या, बी-वन ही तिसरी. नर्सचं पूर्ण लायसन्स मिळवायला तिथे साधारण बी-टू लागतं. पण त्याआधी बी-वनची पायरी येते.

ग्योथे इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे आपल्या मॅक्सम्युलर भवनच्या, या परीक्षेचे चार तुकडे आहेत. वाचन ६५ मिनिटं, ऐकणं साधारण ४०, लेखन ६० आणि जोडीने बोलणं सुमारे १५ मिनिटं. प्रत्येकाला १०० मार्क, प्रत्येकात ६० हवेत. सरावाचे नमुना पेपर इन्स्टिट्यूटच्या वेबसाइटवर फुकट मिळतात. पण फुकट मिळालेला पेपर आपण कसा वापरतो? चटणीसारखा! रोज थोडा थोडा, पुन्हा पुन्हा तोच. तिसऱ्यांदा आपण जर्मन ऐकत नसतो, उत्तरं आठवत असतो. मार्कांचा फुगा मस्त फुगतो. टाचणी मात्र परीक्षेच्या हॉलमध्ये असते.

मग आम्ही ते १६ चुकलेले प्रश्न घेऊन बसलो. वहीत तीन रकाने केले. शब्दच माहीत नव्हता : ४ प्रश्न. शब्द माहीत होता, पण कानाला ओळखू आला नाही : ५. सगळं कळलं तरी सापळ्यात सापडली : ७! आणि पोरगी महिनाभर काय करत होती? शब्द पाठ! म्हणजे दुखणं गुडघ्याला आणि मलम कपाळाला.

सापळा म्हणजे काय, तर पर्यायांतले दोन-तीन शब्द ऑडिओत चक्क ऐकू येतात. दहा वाजता ठरलं होतं, "आबर", म्हणजे पण, आता साडेदहाला. दहा ऐकलं की आपण टिक करून मोकळे. खरं उत्तर त्या "आबर"च्या पलीकडे बसलेलं असतं. त्यात काही भाग दोनदा ऐकवतात, काही एकदाच. एक शब्द निसटला म्हणून हळहळत बसलात की पुढचे दोन प्रश्न गेलेच.

हे सगळं मी तिला तासभर समजावलं. ढिम्म फरक नाही! फंडा क्लीअर झाला तो गोंदिया स्टेशनवर.

संध्याकाळी मावशीला आणायला गेलो होतो. गाडी लेट. चहावाल्यांचा गलका, पंख्यांची घरघर आणि वरून मराठी-हिंदी-इंग्रजीत अनाउन्समेंटवर अनाउन्समेंट. मी मोबाईलमध्ये डोकं घातलेलं. अचानक ही म्हणाली, "चल, तीन नंबरवर येऊन राहिली."

"मधल्या सगळ्या अनाउन्समेंट ऐकल्यास तू?"

"बाकीच्या काऊन ऐकू? आपल्याला आपली गाडी पाहिजे."

आणि तीच थांबली. माझ्याकडे बघितलं. दोघी हसलो. बॉस, हेच तर करायचंय! आधी प्रश्न वाचायचा, आपली गाडी कोणती ते ठरवायचं, मग कान लावायचा. बाकीच्या गाड्या जाऊ द्यायच्या.

त्यानंतर रोज एक तुकडा, नवा. जुना पेपर फक्त चुका तपासायला. मीही कॉलेजात असताना जर्मनच्या दोन लेव्हल करून सोडून दिलं होतं, त्यामुळे बोलायच्या सरावाला पार्टनर म्हणून मी. तिथे आणखी एक झोल कळला. मी काहीही विचारलं तरी ही पाठ केलेलं भाषण ठोकायची! या भागात दोघांनी मिळून काहीतरी प्लॅन करायचं असतं. समोरच्याचं ऐकून "नको, शनिवारी मला ड्युटी आहे, रविवारी जाऊ" म्हणायचं असतं. हे आपण घरात रोज करतो.

लेखनात मैत्रिणीला "डू" आणि साहेबांना "झी" लिहायचं. हिने साहेबांना सुरुवातीला "झी" म्हटलं आणि तिसऱ्या ओळीत थेट "डू". मी म्हटलं, "तू हॉस्पिटलच्या डॉक्टरांना अरे-तुरे करतेस का गं?" पुन्हा ती चूक झाली नाही. तशा आपल्या मराठीच्या कितीतरी गोष्टी इथे कामाला येतात. एकवीस म्हणजे आधी एक, मग वीस, जर्मनमध्येही तसंच. "वाइल", म्हणजे कारण, आलं की क्रियापद वाक्याच्या शेवटी जातं. आपलं तर नेहमीच शेवटी असतं. इंग्रजीतून जर्मन शिकता शिकता आपण हे विसरूनच जातो.

सरावाच्या पेपरचं काम आपल्याला खूश करणं नाही, बाबांनो. चुका फुकटात करून घ्यायची ती जागा आहे. परीक्षेत त्याच चुकांचे पैसे पडतात.

गेल्या आठवड्यात निकाल लागला. वाचन पास. लेखन पास. बोलणं तर दणक्यात पास. ऐकणं : ५७. म्हणजे ३० पैकी १७. एक प्रश्न, फक्त एक!

फोन लावताना माझाच हात थरथरत होता. बरं, राहिलेला तेवढा एकच तुकडा पुन्हा देता येतो. पण पुन्हा फी, पुन्हा रजा, पुन्हा हजारेक किलोमीटरचा प्रवास. मामा काय म्हणाला असेल?

"बाबा म्हणाले, तीन तर निघाले ना. धान विकलं की बघू." मग जरा थांबून म्हणाली, "ताई, ऐकायचा एखादा पेपर पाठव ना. पण मी न सोडवलेला पाठव."