वायच थांब, मगे वार कर

राक्षस दिसला की धावत सुटायचं आणि बटणं बडवायची, ही सवय पोरांना मोबाइलवरच्या गेम्सनी लावली आहे. ‘मॉन्स्टर हंटर’मध्ये ती पहिल्या अर्ध्या तासातच अंगाशी येते. शिकारी चीतपट होतो, मांजरं त्याला हातगाडीवर घालून तळावर आणून ओततात आणि बक्षिसाच्या रकमेतून एक तृतीयांश वजा होतो. असं तीनदा झालं की मोहीम फसली. मग पोरगं चिडून लॅपटॉप मिटतं आणि जाहीर करतं, ‘गेमच भंगार आहे.’

गेम भंगार नाही. आजच्या ॲक्शन गेम्समध्ये इतका विचारपूर्वक रचलेला खेळ शोधूनच काढावा लागेल. जपानमधल्या ओसाकाच्या कॅपकॉम कंपनीने २००४ साली तो पहिल्यांदा आणला, तेव्हा तो मुख्यतः जपानी मंडळींचा छंद होता. जानेवारी २०१८मध्ये ‘मॉन्स्टर हंटर: वर्ल्ड’ आला आणि चित्र पालटलं. त्याच्या दोन कोटींहून जास्त प्रती खपल्या. फेब्रुवारी २०२५मध्ये आलेल्या ‘वाइल्ड्स’ने तर पहिल्या तीन दिवसांत ऐंशी लाखांचा आकडा ओलांडला. आपल्याकडे मात्र यातला कुठलाच भाग मराठीत सोडाच, हिंदीतही नाही. सगळ्या सूचना इंग्रजीत, त्याही भराभर सरकणाऱ्या. त्यामुळे नवखा खेळाडू सूचना न वाचताच पुढे जातो आणि मार खातो.

सिंधुदुर्गातल्या तोंडवली-तळाशीलसारख्या गावात असा खेळ पोचतो तो बहुधा सुट्टीत. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर माड, सुरू नि घरं. मे महिन्यात किंवा चतुर्थीला मुंबईचे चाकरमानी येतात. त्यांच्या पोरांच्या बॅगेत लॅपटॉप असतो आणि गावातली चुलत-मामेभावंडं पडवीत त्याच्याभोवती कोंडाळं करतात. अशा वेळी पहिला सल्ला खेळाचा नाही, सोयीचा आहे. ‘वर्ल्ड’ पन्नास जीबीच्या घरात जातो, ‘वाइल्ड्स’ त्याहून मोठा. गावच्या रेंजवर तो उतरवत बसलात तर सुट्टी संपेल. मुंबईहून निघतानाच भरून आणावा आणि एकदा सुरू करून बघावा. पुढे एकट्याने खेळायला ‘वर्ल्ड’ला इंटरनेटची गरज लागत नाही. दुसरं म्हणजे, मोहीम चालू असताना मधली प्रगती साठवली जात नाही. राक्षस लंगडायला लागला आणि नेमकी लाइट गेली, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. बॅटरी भरलेली ठेवा, हे शेंबड्या पोरालाही कळतं, पण ऐन वेळी कुणी ठेवलेली नसते.

लॅपटॉप जुना असेल तर ‘वाइल्ड्स’च्या नादी लागू नये. ताकदवान मशीनवरही तो अडखळतो, अशा तक्रारी जगभरच्या खेळाडूंनी केल्या. २०२१चा ‘राइज’ मुळात निन्टेंडोच्या छोट्या ‘स्विच’साठी बनवला होता, त्यामुळे तो साध्या यंत्रावरही बरा चालतो. ‘वर्ल्ड’ या दोघांच्या मधला. नवशिक्याने ‘वर्ल्ड’पासून सुरुवात करावी, असं प्रस्तुत लेखकाचं मत आहे. सेलमध्ये तो बराच स्वस्त मिळतो आणि त्याचं जंगल अजून जुनं वाटत नाही.

आता शिकार. ‘वर्ल्ड’मधला पहिला मोठा राक्षस म्हणजे ग्रेट जाग्रस. घोरपडीसारखा पिवळसर, मानेवर आयाळ. वाटेत एखादं गवत खाणारं जनावर सापडलं की तो ते अख्खं गिळतो. मग त्याचं पोट जमिनीला घासेल एवढं फुगतं आणि चाल जड होते. नवखा खेळाडू हे बघतच नाही, तो आधीच तलवार फिरवत असतो. जो दोन मिनिटं झुडपामागे थांबून बघतो, त्याला कळतं की भरल्या पोटाचा जाग्रस अंग टाकून चिरडायला येतो, पण वळायला वेळ लावतो. वळण्याचा तो वेळ म्हणजे आपली संधी. रापणीचे जुने मच्छीमार पाण्याचा रंग आणि वर घिरट्या घालणारे पक्षी बघितल्याशिवाय जाळं टाकत नाहीत, तसंच हे आहे. प्रत्येक राक्षस वार करण्याआधी काहीतरी खूण देतो. कुणी मान मागे घेतो, कुणी पाय आपटतो, कुणाचा गळा लाल होतो. कानही उघडे ठेवावेत, कारण राक्षसाने आपल्याला हेरलं की संगीत बदलतं. पहिल्या दोन-तीन शिकारी हरल्या तरी चालतील, पण त्या बघून हराव्यात.

या खेळाचा एक नियम नव्या पोरांना फार छळतो. एकदा वार सुरू केला की तो सहसा मधेच मागे घेता येत नाही. मोठी तलवार उचलली, राक्षस बाजूला झाला, तरी तलवार खाली येईपर्यंत आपण तिथेच खिळलेले. तोवर शेपटी येऊन लागते. म्हणून एक किंवा दोन वार करायचे आणि बाजूला लोळायचं. तिसऱ्या वाराचा मोह आवरला की निम्मा खेळ जमला. थोरला भाऊ शेजारी बसून ‘वायच थांब, मगे वार कर’ असं ओरडत असेल, तर त्याचं ऐकावं.

शस्त्रं चौदा प्रकारची आहेत. बहुतेकांचा हात लांब जपानी तलवारीकडे जातो, कारण ती चित्रपटातल्यासारखी दिसते. चौघे मिळून खेळताना मात्र तिचा फटकारा आपल्याच सोबत्यांना अडखळवतो आणि शिव्या खाव्या लागतात. सुरुवातीला तलवार-ढाल घ्यावी. तिचा वार लहान असतो, पण चटकन होतो. ढाल वेळेला कामी येते आणि मुख्य म्हणजे शस्त्र हातात असतानाही औषध पिता येतं. बाकीच्या शस्त्रांना आधी म्यान करावं लागतं, मग बाटली. नवख्याचा जीव बहुतेकदा याच दोन क्षणांत जातो. हातोडा, भाला, धनुष्य नंतर आहेतच. वाजवून सोबत्यांची ताकद वाढवणारं शिंगही यात शस्त्र म्हणून आहे. एखाद्या भजनी पोराला ते नक्की आवडेल.

या खेळात आपला शिकारी कधीच मोठा होत नाही, हे मात्र कुणी आधी सांगत नाही. इतर गेम्समध्ये मारामारी करून अंकांची पायरी चढता येते आणि पात्र आपोआप बळकट होतं. इथे दहाव्या तासाचा शिकारी आणि शंभराव्या तासाचा शिकारी अंगाने जवळपास सारखेच. बदलतं ते त्याच्या अंगावरचं चिलखत, हातातलं शस्त्र आणि खेळणाऱ्याचं डोकं. मारलेल्या राक्षसाच्या खवल्यांतून, हाडांतून, नख्यांतून पुढचं सामान घडवायचं असतं. म्हणून शेपूट तोडण्याला किंमत आहे. तोडलेल्या शेपटीतून वेगळा माल निघतो. शिकार संपल्यावर नाचत उभं न राहता आधी धड सोलावं, मग शेपूट शोधावी.

याचा खरा धडा अंजानथ देतो. तोंडातून आग ओकणारा, डायनोसॉरच्या थाटाचा हा राक्षस ‘वर्ल्ड’मधल्या नवख्यांचा कर्दनकाळ आहे. पुष्कळ पोरं इथेच खेळ सोडतात. त्याचं उत्तर दुसऱ्याच प्रदेशातल्या चिखलात दडलंय. तिथे ज्युराटोडस नावाचा प्रचंड चिखलमासा असतो. त्याची शिकार करून मिळालेल्या मालातून पाण्याचा गुण असलेलं शस्त्र घडवता येतं आणि अंजानथ पाण्यापुढे कमकुवत आहे. आग अंगाला लागलीच तर जमिनीवर लोळावं किंवा जवळच्या पाण्यात उडी मारावी, ती विझते. आधी मासा, मग अंजानथ, हा क्रम ज्याला सुचला त्याला खेळ समजला. नुसत्या हातचलाखीवर जिंकू पाहणारा तिथेच डोकं आपटत राहतो.

बाकी तयारी घरगुती आहे. निघण्याआधी तळावरच्या खानावळीत जेवायचं, त्याने प्राण आणि दम दोन्ही वाढतात. वाटेत मध दिसला की गोळा करायचा, साध्या औषधात तो मिसळला की दमदार औषध तयार होतं. वार कठीण भागावर आपटून उलटायला लागले की धार लावायची, पण राक्षसाच्या तोंडासमोर उभं राहून नव्हे. राक्षस लंगडत बिळाकडे निघाला की त्याला सापळ्यात अडकवून गुंगीच्या गोळ्यांनी जिवंतही धरता येतं. त्यात वेळ वाचतो आणि बक्षीसही बरं मिळतं. नवखे हे विसरतात आणि शेवटच्या घावासाठी जीव घालवतात. अगदीच अडलं तर आकाशात मदतीचा बार उडवावा. ऑनलाइन असाल तर जगातून कुणीतरी धावून येतं. पण चौघांना मिळून बेशुद्धीच्या संधी तीनच असतात. पाहुण्यांच्या वाट्याच्या त्या आपणच संपवायच्या, याला गावात काय म्हणतात ते इथे छापता येणार नाही.

फोनवरचा ‘मॉन्स्टर हंटर नाउ’ २०२३च्या सप्टेंबरात आला. त्यात चालत फिरावं लागतं आणि एक शिकार ७५ सेकंदांत उरकते. चव घ्यायला ठीक आहे, पण मूळ खेळातला धीर तो शिकवत नाही.

आता पालकांचा प्रश्न. घराघरात ‘गेम’ हा एकच शब्द सगळ्याला लावला जातो. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यात पैसे लावून खेळायच्या गेम्सवर बंदी आली आणि ई-स्पोर्ट्स व करमणुकीचे खेळ वेगळे धरले गेले. सरकारला जो फरक कळला, तो घरच्या मोठ्यांनाही कळायला हरकत नाही. पैसे लावणाऱ्या ॲपमध्ये हरलेला पुन्हा पैसे ओततो. इथे हरलेला पुन्हा शस्त्र पारखतो. तरीही युरोपात ‘वर्ल्ड’ला सोळा वर्षांवरचा शिक्का आहे, हे लक्षात ठेवावं. आठ वर्षांच्या पोराच्या हातात तो देऊ नये.

राक्षस मारायचे तर जपानचेच का, असा प्रश्न कोकणात सहज पडावा. पुण्यातल्या नोडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने २०२०मध्ये ‘राजी’ काढला. भावाला सोडवायला निघालेली एक मुलगी त्यात असुरांशी लढते. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या पुरस्कारासाठी त्याला नामांकन मिळालं. त्याची कथा सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितली जाते. तोंडवलीपासून फार लांब नाही अशा कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या आहेत. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१मध्ये पद्मश्री मिळाली. दशावतारात वेद चोरणारा संकासुर दर जत्रेला येतो, लोकांना हसवतो आणि विष्णूकडून मारला जातो. एवढं सगळं दारात असताना एकाही स्टुडिओने सिंधुदुर्गाकडे बघू नये, हे पटत नाही. पुण्या-मुंबईच्या गेम बनवणाऱ्यांनी एक जत्रा जागून बघावी आणि पिंगुळीच्या कलावंतांना नुसतं श्रेय नव्हे, मानधनही द्यावं.

तोवर सुट्टीत ‘वर्ल्ड’ घेऊन बसलेल्या पोरांच्या आयांना एक विनंती. जेवायला हाक मारलीत आणि आतून ‘पाच मिनिटां गे’ असं उत्तर आलं, तर ते दरवेळी खोटं नसतं. बहुतेक मोहिमांना पन्नास मिनिटांची मर्यादा आहे. घड्याळ लावा आणि त्यानंतरच आवाज चढवा.