भाड्याचे घर, मांजर आणि गॅलरीची जाळी

भटक्या कुत्र्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी आदेश दिला आणि २२ ऑगस्टला त्यात बदल केला. निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्री जिथून उचलली त्याच भागात सोडावीत, मात्र रेबीज झालेली, तशी शंका असलेली किंवा आक्रमक कुत्री सोडू नयेत, असे सुधारित आदेशात सांगितले गेले. त्यानिमित्ताने रेबीजवर भरपूर बोलले गेले, पण मांजराचा उल्लेख त्यात क्वचितच आला. शहरात मांजर पाळणारी अनेक कुटुंबे भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात. मांजराला मोकळी हवा कशी द्यायची, हा त्यांचा रोजचा प्रश्न. वरकरणी तो घरमालक आणि भाडेकरू यांच्यातला वाटतो. खरे तर तो आरोग्याचाही आहे.

भारतात माणसाला होणारा रेबीज बहुतेक वेळा कुत्र्यामुळे होतो. मांजराला तो सहसा पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यातून लागतो आणि मांजराकडून माणसाला होऊ शकतो. कुत्रा चावला की लोक धावत दवाखान्यात येतात. मांजराने बोचकारले तर ‘आपलेच तर आहे’ म्हणून दिवस काढतात. उपचाराचा नियम मात्र दोन्हींना एकच आहे. रक्त न येणारा ओरखडा दुसऱ्या श्रेणीत मोडतो आणि त्याला लस लागते. दात रुतला, ओरखड्यातून रक्त आले किंवा उघड्या जखमेवर चाटले, तर ती तिसरी श्रेणी. तिथे लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. त्याआधीचे काम घरीच करायचे असते : वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे जखम धुणे. हळद, चुना, तिखट असले काही लावायचे नाही.

चावलेले कुत्रे किंवा मांजर १० दिवस नजरेखाली राहिले आणि ठणठणीत असले, तर सुरू केलेला उपचार पुढे कमी करायचा का, हे डॉक्टर ठरवू शकतात. रात्री खिडकीतून जाणारे आणि पहाटे परतणारे मांजर असे नजरेखाली ठेवता येत नाही. ते कोणाशी भांडले, त्याला कोण चावले, हे कळायला मार्ग नसतो. बंदिस्त गॅलरीत वावरणाऱ्या, दरवर्षी लस घेणाऱ्या मांजराबाबत ही अनिश्चितता बरीच कमी होते.

इतर आजारांचेही असेच आहे. मांजराचे दात सुईसारखे असतात. वरून बारीक दिसणारी जखम आत खोल जाते आणि हाताच्या सांध्यात पू होऊ शकतो. बोचकारण्यातून होणाऱ्या, गाठी येणाऱ्या तापाचे जिवाणू मांजरांमध्ये पिसवांमार्फत पसरतात. गर्भवतींना ज्याची धास्ती असते तो टॉक्सोप्लाझ्माचा संसर्ग मांजराला उंदीर किंवा कच्चे मांस खाल्ल्याने होतो. म्हणून गर्भवती घरात असेल तर मांजर हाकलायची गरज नाही. त्याला शिजवलेले किंवा तयार खाद्य द्यावे, शिकार बंद करावी आणि विष्ठेची पेटी दुसऱ्या कोणीतरी रोज साफ करावी. विष्ठेतले हे परजीवी संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो, म्हणून ‘रोज’ महत्त्वाचे.

आता मांजराच्या बाजूने. ‘मांजर कुठूनही पडले तरी पायावर उतरते’ हा समज अनेकांच्या जिवावर बेततो. न्यूयॉर्कमधील एका पशुरुग्णालयात आणलेल्या, उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. उपचार झालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचली, हा आकडा तेव्हापासून दिलासा म्हणून सांगितला जातो. पण तो रुग्णालयापर्यंत पोहोचलेल्यांचा आहे. जागीच मेलेली मांजरे त्यात मोजलेली नाहीत. वाचलेल्यांतही छातीला मार, जबडा फुटणे, पाय मोडणे या दुखापती होत्याच.

मग जाळी का लागत नाही? अनेक ठिकाणी मांजर घरमालकापासून लपवलेले असते. गॅलरीला जाळी लावली तर ते उघड होईल, भिंतीला छिद्रे पडली तर डिपॉझिट कापले जाईल, ही भीती असते. म्हणजे घरमालकाच्या बंदीने मांजर जात नाही, जाळी जाते. आणि घर सोडताना मांजर मंडईत किंवा इमारतीखाली सोडून जाणारेही असतात. सबळ कारणाशिवाय प्राण्याला असे वाऱ्यावर सोडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे.

सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. घरमालक आणि भाडेकरू यांच्यात मात्र करार बोलतो. इंग्लंडमध्ये २०२५ साली मंजूर झालेल्या भाडेकरू हक्क कायद्याने पाळीव प्राण्यासाठी लेखी परवानगी मागण्याचा हक्क भाडेकरूला दिला; घरमालकाला विनाकारण नकार देता येणार नाही. आपल्याकडे तशी तरतूद येईपर्यंत वाट पाहायची गरज नाही. लिव्ह अँड लायसन्स करार महाराष्ट्रात लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो. त्यातच चार ओळी वाढवता येतात : मांजर किती, लसीकरण आणि निर्बीजीकरण झाल्याचे दाखले, जाळी कोणत्या प्रकारची, जाताना ती काढून भिंत पूर्ववत करण्याची जबाबदारी कोणाची.

छिद्रे न पाडताही जाळी लावता येते. गॅलरीला ग्रील असेल तर साधारण एक इंच चौकोनाची लोखंडी जाळी केबल टायने आतून बांधावी. ग्रील नसेल तर जमीन आणि छत यांच्यात घट्ट बसणारे स्प्रिंगचे पाइप उभे करून त्यांना जाळी ताणता येते. कबुतरांसाठी लावलेल्या नायलॉनच्या जाळीवर भिस्त ठेवू नये. ती उन्हाने कुजते आणि मांजर ती दाताने तोडते. कोपरे, एसीच्या पाइपची जागा, न्हाणीघराच्या काचेच्या पट्ट्यांची खिडकी हे निसटण्याचे मार्ग आधी बंद करावेत. आगीच्या वेळी बाहेर पडण्याची वाट मात्र जाळीने अडवू नये. एप्रिल-मेमध्ये गॅलरीत सावली आणि पाणी हवेच. कुंडीत लिली नको. खऱ्या लिलीचे थोडेसे पानही मांजराचे मूत्रपिंड निकामी करू शकते.

लेखी परवानगी, वार्षिक लस आणि एक जाळी, एवढ्यावर भाडेकरूचे मांजर सुरक्षित राहते आणि शेजारचे मूलही. घरमालकांनी ‘पाळीव प्राणी नकोत’ असे लिहिण्याआधी एवढा विचार करावा. भाडेकरूंनीही मांजर न लपवता करारात लिहावे.