एकटेपण आणि एकत्व



गेल्या डिसेंबरातील एका रविवारी लंडनहून मुलाचा फोन आला. इंदापुरात रात्रीचे साडेनऊ वाजले होते. तिकडे दुपारचे चार, आणि सूर्य मावळलेला. "पप्पा, चौविहार तर केव्हाच सुटला," तो म्हणाला, "पण जेवताना समोर कोणी नसते, त्याचे जास्त वाटते." आठ वर्षे मी त्याला पगार, व्हिसा, घराचे हप्ते विचारीत आलो. कोणाबरोबर जेवतोस, हे एकदाही विचारले नव्हते. बँकेत जन्मभर हिशेब तपासणाऱ्या माझ्या नजरेतून नेमकी हीच नोंद निसटली होती.

परमुलूख आपल्याला नवा नाही. बारामती-इंदापूरच्या पेठांतील आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज मारवाडातून, गुजरातेतून आले. भाषा परकी, पाणी परके; मात्र दुकानामागे घर, शेजारी आपल्याच माणसाची पेढी आणि सायंकाळी स्थानक किंवा मंदिर होते. तुकोबांची पालखी आली की वारकऱ्यांची सेवा करता करता तेही या मातीचे झाले. एकटेपण त्यांनाही होते. पण ते वाटून घेणारी माणसे हाकेच्या अंतरावर होती.

लेस्टर येथे १९८८ साली जैन मंदिराची प्रतिष्ठा झाली. उत्तर अमेरिकेतील संघांचा 'जैना' हा महासंघ १९८१ पासून कार्य करीत आहे. मुलांनी तेथे जावे, असा आग्रह जरूर धरावा. तरीही कामाच्या दिवशी, थकल्या संध्याकाळी, आधार आतच शोधावा लागतो.

बारा भावनांमध्ये चौथी एकत्व भावना. जीव एकटा येतो, एकटाच कर्मफळ भोगतो, हा तिचा आशय एकाकी माणसाला आणखी खचवील असे वाटते. परंतु एकटेपण म्हणजे दुसऱ्याची उणीव आणि एकत्व म्हणजे स्वतःची ओळख. सामायिकाची ४८ मिनिटे त्या ओळखीसाठीच असतात. रोकड जुळल्याशिवाय आमची तिजोरी बंद होत नसे. मनाचीही रोकड रोज जुळवावी: क्रोध किती, लोभ किती, कोणाचे मन दुखावले. प्रतिक्रमण तरी याहून वेगळे काय आहे?

केवळ उपदेश करून मोकळे होणे मला न्याय्य वाटले नाही. म्हणून आता हिवाळ्यात दर रविवारी, तिकडे सकाळी अकराला तो आणि इकडे साडेचारला आम्ही, सामायिकास बसतो. नंतर फोन समोर ठेवून त्याचे दुपारचे आणि आमचे सूर्यास्तापूर्वीचे जेवण एकाच वेळी होते. पगाराचा विषय निघत नाही.

आपणही या रविवारी मुलाला एवढेच विचारा: "आज कोणाबरोबर जेवलास?"