पावसात उघडलेली ऑफिसची लिंक बंद कोण करणार?

१९ ऑगस्ट २०२५ आठवतोय? मुंबईला रेड अलर्ट होता, सीएसएमटी ते ठाणे लोकल काही तास बंद पडल्या होत्या आणि महापालिकेने खासगी कंपन्यांना सांगितलं होतं की कर्मचाऱ्यांना घरूनच काम करू द्या. त्याच्या आदल्या वर्षी, ३१ मे ते २ जून २०२४ या काळात मध्य रेल्वेने ६३ तासांचा मेगाब्लॉक घेतला. ९३० लोकल रद्द झाल्या आणि तेव्हाही रेल्वेचं आवाहन हेच होतं: शक्य असेल तर वर्क फ्रॉम होम द्या.

मोठ्या आयटी कंपन्यांना याचा फारसा फरक पडत नाही. त्यांच्याकडे लॅपटॉप, व्हीपीएन, आयटी विभाग असं सगळं तयार असतं. गंमत होते ती चिंचपोकळी, करी रोड, लालबागच्या छोट्या ऑफिसांत.

समजा, चिंचपोकळी स्टेशनजवळ एका सीएचं ऑफिस आहे. माणसं सहा. एक जण डोंबिवलीचा, दोघे बदलापूरचे, बाकी इकडेतिकडे. लोकल बंद. सकाळी साडेदहाला ग्रुपवर मेसेज येतो, "सर, फाईल उघडत नाहीये, ॲक्सेस द्या." दुसरा तेच विचारतो. तिसऱ्या मेसेजला सर वैतागतात आणि गुगल ड्राइव्हचा अख्खा फोल्डर 'एनीवन विथ द लिंक' करून ग्रुपवर टाकतात. वर 'एडिटर'ही करतात, म्हणजे पुन्हा कुणी विचारायला नको. काम सुरू होतं. संध्याकाळी पाऊस थांबतो, दुसऱ्या दिवशी लोकल सुरू होते.

लिंक मात्र उघडीच राहते.

याचा अर्थ नीट समजून घेऊ. 'एनीवन विथ द लिंक' म्हणजे ती लिंक ज्याच्या हातात पडेल त्याला आत प्रवेश. पासवर्ड नाही, लॉगिनही लागत नाही. लॉगिन न करता कुणी फाईल उघडली तर गुगल त्याचं नावही सांगत नाही, एखाद्या अनामिक प्राण्याचं चित्र दाखवतं. दिसायला गोड आहे, पण पगाराच्या शीटमध्ये तो प्राणी कोण, हे तुम्हाला कळणार नाही.

दुसरी गोष्ट फोल्डरची, आणि माझ्या मते खरा धोका इथे आहे. फोल्डर शेअर केला की त्यात नंतर टाकलेल्या फाईल्सही आपोआप शेअर होतात. ऑगस्टमध्ये त्यात फक्त जीएसटीची बिलं असतील. डिसेंबरमध्ये कुणीतरी त्यातच क्लायंटची पॅन कार्डं आणि बँक स्टेटमेंटं ठेवतो. ऑगस्टची लिंक डिसेंबरच्या फाईलही उघडते. मधल्या काळात नोकरी सोडून गेलेल्या मुलाने गाळ्याची चावी परत दिलेली असते. ग्रुपवरची लिंक त्याच्या फोनमध्ये तशीच असते. त्याच्या मनात काही नसेलही, पण फोन हरवला तर?

हे फक्त ऑफिसचं नाही बरं का. वर्गणीदारांची नावं, नंबर आणि रकमा असलेली शीट तुमच्या मंडळाच्या ग्रुपवर फिरत असेल, तर तिचीही हीच गत.

"आपल्याला कोण हॅक करणार?" हे उत्तर आता कायद्यासमोर चालणार नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. या कायद्यात डेटा फुटण्यासाठी हॅकर असावाच लागत नाही. चुकून माहिती उघड होणं, इतकंच काय, आपल्याच डेटापर्यंत पोहोचता न येणं हेसुद्धा त्यात मोडतं. पुरेशी काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. सहा माणसांच्या ऑफिसला कुणी २५० कोटींचा दंड लावणार नाही, पण ज्यांचा डेटा फुटला त्यांना आणि बोर्डाला कळवण्याची जबाबदारी छोट्यांवरही येईल. क्लायंटला असा फोन करणं कुठल्याही छोट्या सीएला दंडाइतकंच महागात पडेल.

मग करायचं काय? ड्राइव्ह उघडा, फोल्डरवर 'शेअर' दाबा आणि 'जनरल ॲक्सेस' पुन्हा 'रिस्ट्रिक्टेड' करा. मग ज्याला गरज आहे त्याचाच ईमेल टाका. दहा मिनिटांचं काम आहे. तिथेच सेटिंग्जच्या चिन्हात एक टिक असते, जी फार जणांना माहीत नसते: एडिटर लोक पुढे इतरांना ॲक्सेस देऊ शकतात, ती परवानगी काढून टाका. पगार आणि केवायसीचे फोल्डर वेगळे ठेवा, रोजच्या कामाच्या फोल्डरच्या पोटात नको. आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन सगळ्यांच्या खात्याला हवंच, सरांच्या सुद्धा.

फाईल कुणाच्या खात्यात आहे तेही बघा. बऱ्याच ठिकाणी ऑफिसचा सगळा हिशेब एखाद्या जुन्या कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक जीमेलवर असतो. तो गेला आणि त्याने खातं डिलीट केलं, की फाईलही जातात. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती गुगल स्वतःही काढून टाकू शकतं, हा नियम डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. पैसे भरून घेतलेल्या वर्कस्पेसमधल्या 'शेअर्ड ड्राइव्ह'मध्ये फाईल माणसाच्या नाही, संस्थेच्या नावावर राहते. तो खर्च जड वाटत असेल, तर निदान ऑफिसच्या नावाचं वेगळं खातं काढून मालकी तिकडे घ्या. आणि ड्राइव्हवर आहे म्हणजे बॅकअप झाला, असं समजू नका. सिंक चालू असलेल्या कॉम्प्युटरवर फाईल डिलीट झाली तर ड्राइव्हवरूनही जाते. आठवड्यातून एकदा एक कॉपी एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर घ्या आणि ती डिस्क कपाटात ठेवा, कॉम्प्युटरला लावून नाही.

एक गोष्ट मात्र या सेटिंगने होणार नाही. लिंक बंद केली तरी आधी डाऊनलोड झालेल्या कॉपी परत येत नाहीत. त्यामुळे फोल्डर बरेच महिने उघडा राहिला असेल, तर आधी त्यात काय काय होतं याची यादी करा. बँक पासवर्ड किंवा डिजिटल सहीच्या टोकनचा पिन कुणी शीटमध्ये लिहून ठेवला असेल, तर तो आजच बदला.